भिंतीवर चित्र टाकायचा हक्क कुणाचा?

(भागाचं शब्दांकन. बोलण्यातला बराचसा सूर तसाच ठेवलाय.)

आजचा भाग एका आकड्यापासून सुरू करतो. २२७०.

ऑफिसात, शाळेत, पंचायत समितीच्या सभागृहात छताला उलटा टांगलेला प्रोजेक्टर तुम्ही बघितलाच असेल. हल्ली बऱ्याच प्रोजेक्टरांना वायर लावावी लागत नाही. वायफायवरून लॅपटॉपचा स्क्रीन थेट भिंतीवर जातो. एप्सन कंपनीच्या अशा प्रोजेक्टरांसाठी ईझीएमपी नावाचं सॉफ्टवेअर होतं आणि त्यात एक छान सोय होती. प्रोजेक्टर स्वतःच भिंतीवर एक चार अंकी आकडा दाखवायचा. तो आकडा टाकल्याशिवाय तुमचं चित्र वर जायचं नाही. कल्पना साधी होती : ज्याला भिंत दिसतेय तो खोलीत आहे, आणि जो खोलीत आहे तो आपलाच माणूस आहे.

२०१७ साली रायनो सिक्युरिटी लॅब्ज या अमेरिकन कंपनीनं जाहीर केलं की भिंतीवरचा आकडा काहीही असो, २२७० टाकलं तरी दार उघडतं. एका प्रोजेक्टरचं नाही, अशा सगळ्यांचं. कारखान्यातच भरलेला आकडा होता तो. शिवाय चार अंक म्हणजे फक्त दहा हजार शक्यता. एकेक करून सगळे आकडे टाकून बघणं माणसाला कंटाळवाणं आहे, संगणकाला नाही. म्हणजे खोलीत असायची गरजच नव्हती, त्या नेटवर्कवर असलं की झालं.

बातमी ऐकून बरेच जण म्हणाले, असू दे की, प्रोजेक्टरच तर आहे. या 'प्रोजेक्टरच तर आहे'चा इतिहास आज सांगायचाय. चित्र एका मशीनवर तयार होतं आणि दिसतं दुसरीकडे, ही गोष्ट चाळीस वर्षं जुनी आहे. या चाळीस वर्षांत कुठल्या पडद्याला भक्कम कुलूप बसलं आणि कुठला तसाच उघडा राहिला, हे बघितलं की मला तरी त्यामागे एक हिशेब दिसतो. त्या हिशेबात आपल्या पेण-रोह्याचा नंबर कुठे लागतो तेही बघू.

तर चला, एमआयटीत. १९८३ साली तिथे प्रोजेक्ट अथीना सुरू झाला. डेक आणि आयबीएम या दोन कंपन्यांनी मशीनं पुरवली आणि विद्यापीठभर संगणक पसरवायचं ठरलं. अडचण अशी की वेगवेगळ्या कंपन्यांची मशीनं एकमेकांशी धड बोलायची नाहीत. आणि मोठी आकडेमोड एका खोलीतल्या ताकदवान मशीनवर व्हावी, पण तिचं चित्र दुसऱ्या इमारतीतल्या टेबलावर दिसावं, अशी गरज होती. स्टॅनफर्डला पॉल असेंटे आणि ब्रायन रीड यांनी 'डब्ल्यू' नावाची खिडक्यांची व्यवस्था केली होती. एमआयटीच्या बॉब शाइफलरनं त्यातलं बरंचसं उचललं, संदेश पाठवायची पद्धत बदलली आणि १९८४ च्या जूनमध्ये आपल्या लोकांना कळवलं की नवी व्यवस्था तयार आहे. डब्ल्यू नंतर एक्स येतो, म्हणून नाव 'एक्स'. जिम गेटिस वगैरे मंडळी त्यात आली आणि १९८७ च्या सप्टेंबरमध्ये अकरावी आवृत्ती निघाली. तीच एक्स-इलेव्हन. लिनक्स वापरणाऱ्यांनी हे नाव ऐकलेलं असतं, कारण ती आजही बऱ्याच ठिकाणी चालू आहे.

एक्स शिकताना सगळ्यांचा पहिला गोंधळ 'सर्व्हर' या शब्दावर होतो. आपल्याला वाटतं सर्व्हर म्हणजे लांबचं मोठं मशीन. एक्समध्ये उलटं आहे. ज्याच्याकडे पडदा, कीबोर्ड आणि माउस आहे तो सर्व्हर, म्हणजे तुमच्या टेबलावरचं मशीन. लांबच्या मशीनवरचा प्रोग्राम हा गिऱ्हाईक. तो नेटवर्कवरून येतो, ६००० क्रमांकाचं दार ठोठावतो आणि म्हणतो, मला तुमच्या पडद्यावर एक खिडकी काढू द्या. थोडक्यात, नेटवर्कवरचा प्रोजेक्टर जे करतो तेच.

आता पेणमधल्या एखाद्या गणपतीच्या कारखान्याची कल्पना करा. श्रावण चालू आहे, शेडमध्ये शेकडो मूर्ती मांडल्यात. रंग देणारे वेगळे, डोळ्यांची आखणी करणारे वेगळे, आणि आखणीच्या माणसाशिवाय डोळ्यांना कुणी हात लावत नाही. तिथे कुणी असा नियम केला की शेडच्या दारातून जो आत येईल त्याला कुठल्याही मूर्तीवर ब्रश फिरवता येईल, तर काय होईल? एक्सचा नियम जवळजवळ असाच होता. पडद्याशी एकदा जोडला गेलेला प्रोग्राम स्वतःची खिडकी तर काढायचाच, पण त्याला शेजारच्या खिडकीत काय टाइप होतंय ते वाचता यायचं आणि आख्ख्या पडद्याचा फोटो काढता यायचा. दारावर राखण होती ती मशीनच्या पत्त्याची. 'एक्सहोस्ट' नावाच्या आज्ञेनं ठरवायचं, कुठल्या मशीनवरून आलेल्यांना आत घ्यायचं. त्या मशीनवर एकाच वेळी पन्नास जण बसलेले असले तर पन्नासही आत. आणि हे यादी करण्याचं काम कंटाळवाणं, म्हणून लोक सरळ 'एक्सहोस्ट प्लस' टाइप करायचे. प्लस म्हणजे सगळ्यांना या म्हणणं.

मला या गोष्टीत सगळ्यात जास्त चक्रावून टाकतं ते हे की याच अथीना प्रोजेक्टमधून कर्बेरॉसही निघालं. कर्बेरॉस म्हणजे तू खरंच तूच आहेस का, हे नेटवर्कवर तपासणारी व्यवस्था. आजही कंपन्यांच्या विंडोज लॉगिनमागे ती असते. म्हणजे माणूस कोण ते ओळखायचा त्या काळातला एक उत्तम पहारेकरी आणि सताड उघडा पडदा, दोन्ही एकाच घरात जन्मले. फायली आणि पासवर्ड मौल्यवान आहेत हे त्या हुशार लोकांना दिसलं होतं. पडद्यावरच्या चित्राची कुणी तशी किंमत केली नव्हती. चित्र म्हणजे काय, दिसतं आणि जातं!

सुरुवातीला त्यातून गंमतच झाली. 'एक्सरोच' नावाचा एक प्रोग्राम होता. तो दुसऱ्याच्या पडद्यावर झुरळं सोडायचा. खिडकी बाजूला केली की खाली लपलेली झुरळं सैरावैरा पळायची. 'एक्समेल्ट'नं पडदा मेणासारखा वितळायचा. पण पडद्यावर झुरळ सोडता येतं याचा अर्थ त्याच रस्त्यानं टाइप होणारा पासवर्डही वाचता येतो. १९८९ च्या सुमारास कुकी आली. म्हणजे एक लांबलचक गुप्त आकडा, जो दाखवल्याशिवाय आत प्रवेश नाही. फक्त तो आकडा तारेवरून उघडाच जायचा, मध्ये कुणी कान लावला की संपलं. १९९३ साली डॅन फार्मर आणि वीत्से वेनेमा यांनी एक लेख लिहिला, आपल्याच संस्थेत घुसून बघून तिची सुरक्षा कशी सुधारावी यावर. त्यात हे उघडे एक्स पडदे आहेत. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात नेटवर्कवरून पासवर्ड चोरले गेले, त्यावर तातू युलोनेन या तरुणानं एसएसएच लिहिलं, आणि त्यात एक्सचं चित्रही बंद बोगद्यातून न्यायची सोय केली. मग हळूहळू लिनक्सवाल्यांनी ६००० चं दार मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली.

तरीही जाता जाता सांगतो, आज डॉकरमधून खिडकीवाला प्रोग्राम कसा चालवायचा म्हणून इंटरनेटवर शोधा. पहिल्या चार उत्तरांत कुणीतरी 'एक्सहोस्ट प्लस' लिहिलेलं सापडेलच.

दुसरा धागा इंग्लंडमधल्या केंब्रिजचा. तिथल्या संगणक विभागात १९९१ साली कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा लावला होता, कॉफी शिल्लक आहे का ते जागेवरूनच बघता यावं म्हणून. ते चित्र दाखवणारा प्रोग्राम क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझरनं लिहिला, तो एक्सवरच. हाच माणूस पुढे ऑलिव्हेट्टीच्या केंब्रिजमधल्या प्रयोगशाळेत व्हीएनसी करणाऱ्यांत होता. व्हीएनसीची युक्ती अगदी सरळ आहे : खिडक्या, बटणं असं काही पाठवायचं नाही, फक्त पडद्यावरचे ठिपके पाठवायचे आणि उलट दिशेनं माउस आणि कीबोर्ड. त्यामुळे कुठलंही मशीन कुठूनही चालवता यायला लागलं. फुकट दिल्यामुळे नव्वदच्या दशकाच्या शेवटी ते जगभर पसरलं.

त्याच्या मूळ पद्धतीत पासवर्ड होता, पण आठच अक्षरांचा. नववं अक्षर टाका, न टाका, फरक नाही. आणि चित्र उघडंच जायचं. २००६ साली रिअलव्हीएनसीच्या एका आवृत्तीत असं निघालं की सर्व्हर विचारतो, 'ओळख कशी पटवणार?' आणि समोरच्यानं 'ओळख न पटवता' असं उत्तर दिलं तरी तो 'बरं' म्हणून आत घेतो. हसू येतं, पण अशी मशीनं कारखान्यांतही होती. त्याकडे परत येतो. त्याआधी मुंबई.

दोन हजार सालापर्यंत सिनेमा म्हणजे रिळं. पस्तीस मिलिमीटरची एक प्रिंट काढायला हजारो रुपये लागायचे, मग निर्माते मोजक्याच प्रिंटा काढायचे. पहिला मान मुंबई-पुण्याचा. तिथे खेळून खेळून ओरखडे पडले की त्याच पेट्या तालुक्याच्या गावी. आपल्याकडे शुक्रवारी पोस्टर लागायचं त्या सिनेमाची गोष्ट मुंबईला कामाला जाणाऱ्यांनी आधीच सांगून टाकलेली असायची. आणि त्या मधल्या आठवड्यांत चोरीची सीडी गावात पोचायची. पाच-दहा रुपये भाड्यानं सिनेमा घरी बघता येत असेल तर थेटरात कोण येणार? छोट्या गावांतली एकपडदा थेटरं मरायला लागली त्याची कारणं बरीच आहेत, पण हे एक मोठं.

याच काळात मुंबईत संजय गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युएफओ मूव्हीज उभी केली. २००५ पासून त्यांचं काम दिसायला लागलं. सिनेमाची फाइल एमपेग-फोरमध्ये दाबून लहान करायची, तिला कुलूप घालायचं, उपग्रहावरून थेटरातल्या सर्व्हरवर उतरवायची, आणि डिजिटल प्रोजेक्टरनं दाखवायची. पेटी नाही, ओरखडा नाही. चेन्नईची रिअल इमेज कंपनी क्यूब नावाची व्यवस्था घेऊन याच रस्त्यावर होती. युएफओ २०१५ ला शेअर बाजारात आली तेव्हा देशभरात तिचे पडदे पाच हजारांच्या घरात गेले होते. जत्रांमधले तंबू सिनेमेसुद्धा रिळांवरून डिजिटलवर आले. महाराष्ट्रातल्या या फिरत्या टॉकीजवर २०१६ चा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा सुंदर माहितीपट आहे, मिळाला तर जरूर बघा.

हॉलिवूडचा रस्ता वेगळा आणि महाग. मोठ्या स्टुडिओंनी २००२ मध्ये एकत्र येऊन डीसीआय नावाची संस्था केली आणि २००५ च्या जुलैमध्ये नियमावली काढली. माझ्यासारख्या माणसाला ती वाचताना खरंच मजा येते. सिनेमा एईएस पद्धतीच्या १२८ बिटांच्या किल्लीनं बंद. ती किल्ली वेगळ्या निरोपातून येते, आणि तो निरोप एकाच विशिष्ट सर्व्हरला उघडता येतो, कारण त्या सर्व्हरचं स्वतःचं प्रमाणपत्र असतं. शेजारच्या पडद्याच्या सर्व्हरला नेऊन दिला तर उपयोग शून्य. किल्लीला वेळही असते. अमुक तारखेच्या अमुक वाजल्यापासून तमुकपर्यंत. वेळ संपली, किल्ली मेली. कुणी प्रोजेक्टरचं झाकण उघडायला गेलं तर यंत्राला ते कळलं पाहिजे. एवढ्यावर थांबत नाहीत. चित्रात डोळ्याला न दिसणारी खूण टाकतात. कुणी थेटरात बसून मोबाइलवर सिनेमा उतरवला, तर त्या चोरीच्या प्रतीवरून कुठल्या थेटरात, कुठल्या वेळेला शूट झालंय ते काढता येतं.

भारतीय पद्धती इतक्या कडक नव्हत्या, म्हणूनच स्वस्त होत्या, आणि म्हणूनच हॉलिवूडचे मोठे स्टुडिओ सुरुवातीला त्यांच्यावर आपले सिनेमे द्यायला तयार नव्हते. पण कुलूप आणि चोरी शोधायची खूण हा विचार इथेही होता. किल्ली वेळेत आली नाही तर हॉल भरलेला आणि पडदा काळा, लोक शिट्ट्या मारतायत, हा तापही मालकांच्या वाट्याला आला. तरीसुद्धा शुक्रवारचा सिनेमा तालुक्याच्या गावी शुक्रवारीच लागायला लागला, हे या कुलपामुळेच झालं. कुलूप नसतं तर एवढ्या गावांत फाइल पाठवायची हिंमत कुणी केली असती? सुरक्षेमुळे गोष्टी अडतात असं आमच्या धंद्यात येताजाता म्हणतात. इथे ती होती म्हणून वाट उघडली.

चोर काही थांबले नाहीत, त्यांनी फक्त दुसरं दार बघितलं. २०१६ च्या जूनमध्ये 'उडता पंजाब' प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी इंटरनेटवर आला तेव्हा त्या प्रतीवर सेन्सॉरसाठी असल्याची खूण होती. उपग्रहाचं, प्रोजेक्टरचं कुलूप कुणी तोडलंच नव्हतं. कायदाही मागोमाग आला. २०२३ च्या दुरुस्तीप्रमाणे थेटरात सिनेमा उतरवला तर कमीत कमी तीन महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद, आणि किमान तीन लाखांचा दंड. दंडाची वरची मर्यादा निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत. चित्राची किंमत कुणीतरी नीट मोजली की काय होतं ते बघा.

आता दुसरा प्रोजेक्टर. त्याच तालुक्यातला, थेटरापासून फार तर दोन किलोमीटरवरचा.

शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड या शिक्षकांनी गावाच्या मदतीनं प्रोजेक्टर लावून डिजिटल वर्ग उभा केला, आणि ते बघून महाराष्ट्रभर शाळांनी तसं करायला घेतलं. २०१५ च्या जूनमध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय आला, त्यानं वेग वाढला. लोकवर्गणी, कंपन्यांचा निधी, माजी विद्यार्थी, जिथून जमेल तिथून प्रोजेक्टर आले. रायगडातही आले. हे फार चांगलं काम आहे आणि मी त्याला नाव ठेवत नाहीये. पण वर्गणीतून घेतलेल्या त्या यंत्राच्या खोक्यात किल्ली, प्रमाणपत्र, वेळेची मर्यादा असलं काही नसतं. रोहा तालुक्यातल्या शाळेत शिकवणाऱ्या माझ्या एका मित्राला मी विचारलं की प्रोजेक्टरचा पासवर्ड कुणाकडे आहे. तो म्हणाला, "प्रोजेक्टरला पासवर्ड असतो?"

त्याची चूक नाही. प्रोजेक्टर लांबून चालू-बंद करायला पीजेलिंक नावाची एक पद्धत आहे, जपानी उत्पादकांच्या संघटनेनं ठरवलेली. तिचं दार ४३५२ क्रमांकाचं. तिच्यात पासवर्ड आहे, पण सक्तीचा नाही. म्हणजे न घालताही सगळं नीट चालतं, आणि जे न घालता चालतं ते कुणी घालत नाही. २०१९ मध्ये तर कमालच झाली. टेनेबल कंपनीच्या जेकब बेन्सनं वायरशिवाय स्क्रीन दाखवणारी यंत्रं तपासली. क्रेस्ट्रॉन, बार्को, एक्स्ट्रॉन, इनफोकस, ऑप्टोमा, शार्प अशी नावं वेगवेगळी, किमती वेगवेगळ्या, पण आतलं सॉफ्टवेअर मुळात एकच निघालं. त्यामुळे एकच भोक आठ ब्रँडांना लागू पडलं, आणि त्यातून लॉगिन न करता यंत्राला हवी ती आज्ञा देता येत होती. आपण दुकानात दोन कंपन्यांमधला फरक विचारत बसतो!

हे प्रत्यक्षात कसं दिसतं, याचं मला माहीत असलेलं सर्वांत सुंदर उदाहरण अमेरिकेतलं आहे. ३० एप्रिल २०२१. इलिनॉय राज्यातल्या २१४ क्रमांकाच्या शाळा-जिल्ह्यातल्या सहा हायस्कुलांत प्रोजेक्टर आणि टीव्ही एकाच वेळी आपोआप चालू झाले आणि रिक अॅस्टलीचं ते जगप्रसिद्ध गाणं वाजायला लागलं. मिन डुओंग नावाचा विद्यार्थी आणि त्याचे मित्र, बस. शाळेच्या नेटवर्कवर फिरताना त्यांना ही यंत्रं मूळ पासवर्डवर उघडी सापडली होती. त्यांनी परीक्षा बिघडू नयेत अशी वेळ निवडली, नंतर सगळं पूर्ववत होईल याची सोय केली, आणि सव्वीस पानी अहवाल लिहून प्रशासनाला पाठवला. प्रशासनानं शिक्षा केली नाही, आभार मानले. इकडे कुणाच्या डोक्यात किडा वळवळत असेल तर थांबा : आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ व्या कलमात परवानगीशिवाय असं काही केलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. आणि प्रत्येक मुख्याध्यापक आभार मानेलच असं नाही.

गाणं वाजलं तोवर ठीक. १९ मार्च २०२३ ला पाटणा स्टेशनवर प्लॅटफॉर्मवरच्या टीव्ही पडद्यांवर जाहिरातींच्या जागी सुमारे तीन मिनिटं अश्लील चित्रफीत दिसली. लहान मुलांना घेऊन बसलेली माणसं होती तिथे. पडदे चालवायचं काम एका खाजगी एजन्सीकडे होतं. तिच्यावर गुन्हा दाखल झाला, कंत्राट गेलं. पडदा रेल्वेचा, चित्र एजन्सीचं, आणि दोघांच्या मध्ये राखण कुणाची, हे घटना घडून गेल्यावर ठरवत बसायचं.

रेल्वेवरून आठवलं. रोह्याला मध्य रेल्वे संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते. गाडी तीच, रूळ तेच, प्रवाशाला खिडकीतून काही वेगळं दिसत नाही. पण रुळांची, सिग्नलची जबाबदारी तिथे हात बदलते, आणि कुठून कुठवर कोण, हे दोन्हीकडे पक्कं ठाऊक असतं. कारखान्याच्या नेटवर्कमध्ये अशी हद्द असावी लागते : इथपर्यंत ऑफिस, इथून पुढे प्लांट. रोह्याच्या धाटाव एमआयडीसीत केमिकलचे कारखाने आहेत, नागोठण्याला पेट्रोकेमिकलचा मोठा प्रकल्प आहे. तिथल्या कंट्रोल रूममध्ये ऑपरेटरला टाकीतला दाब, तापमान, पातळी दिसते ती पडद्यावरच. नागोठण्यात १९९० च्या नोव्हेंबरमध्ये वायुगळती होऊन स्फोट झाला, तीसच्या आसपास माणसं गेली. त्याचा नेटवर्कशी काही संबंध नव्हता, तेव्हा असली नेटवर्कंच नव्हती. पण त्या पट्ट्यातल्या जुन्या लोकांना कंट्रोल रूममधल्या पडद्यावर काय दिसतं आणि ते खरं आहे का, याचं महत्त्व समजावून सांगावं लागत नाही.

आणि जगभरात असे पडदे उघडे सापडलेत. बिनपासवर्डाचे व्हीएनसी शोधणारे लोक इंटरनेट चाळतात तेव्हा त्यांना पंप, बॉयलर, कोल्ड स्टोरेज यांचे पडदे जसेच्या तसे दिसतात. २०२१ च्या फेब्रुवारीत फ्लोरिडातल्या ओल्डस्मार गावाच्या पाणीपुरवठा केंद्रात ऑपरेटरनं सांगितलं की पडद्यावरचा माउस आपोआप हलला आणि पाण्यात टाकायच्या कॉस्टिक सोड्याचं प्रमाण १०० वरून ११,१०० वर गेलं. त्यानं लगेच परत खाली आणलं. टीमव्ह्यूअरमधून हल्ला झाला म्हणून जगभर बातमी गाजली. मग २०२३ मध्ये त्या गावाचे माजी शहर व्यवस्थापक म्हणाले की तो बाहेरचा हल्ला नसावा, आतल्याच कर्मचाऱ्याकडून झालेलं असावं. मला यातला दुसरा भाग जास्त घाबरवतो. चौकशी होऊनही माउस कुणी हलवला ते ठाम सांगता येत नाही, कारण आत येणाऱ्या प्रत्येकाची वेगळी ओळख ठेवलेली नव्हती. सिनेमाच्या प्रतीत थेटर आणि वेळ कोरलेली असते. पाण्याच्या केंद्रात नव्हती.

आता शेवटचा पडदा, तुमच्या खिशातला. १४ फेब्रुवारी २०१९ ला रिझर्व्ह बँकेनं एनीडेस्कबद्दल इशारा दिला. फोन येतो, केवायसी राहिलंय, एक अॅप घ्या, त्यात दिसणारा नऊ अंकी आकडा सांगा. सांगितला की तुमचा पडदा त्याला दिसायला लागतो, मग ओटीपी विचारावा लागत नाही, तो वाचताच येतो. सप्टेंबर २०१० मध्ये पेण अर्बन बँकेवर निर्बंध आले तेव्हा कितीतरी घरांची आयुष्यभराची पुंजी अडकली, हे पेणमध्ये सगळ्यांना आठवतं. त्या वेळी निदान रांग लावायला बँकेची इमारत तरी होती. इथे समोर कोण होतं तेच कळत नाही. एनीडेस्क हे चांगलं सॉफ्टवेअर आहे, आम्ही कामासाठी रोज वापरतो असलीच साधनं. पण भिंतीवरचा चार अंकी आकडा आणि हा नऊ अंकी आकडा, दोन्हींत गृहीत एकच : आकडा ज्याला माहीत तो आपला.

इथेही कुलूप आलं ते बँकांकडून. बँकेचं अॅप उघडून स्क्रीनशॉट काढून बघा, बहुतेक ठिकाणी काळा चौकोन मिळेल किंवा नकार येईल. स्क्रीन शेअर केला तरी समोरच्याला तिथे काळंच दिसतं. अँड्रॉइडमध्ये ही सोय फार आधीपासून आहे, अॅप लिहिणाऱ्यानं ती मागायची असते. बँकांनी मागितली. पण ओटीपी येतो मेसेजमध्ये, आणि मेसेजचा पडदा उघडाच होता. स्क्रीन शेअर चालू असताना ओटीपी आणि नोटिफिकेशन आपोआप झाकायची सोय अँड्रॉइडच्या पंधराव्या आवृत्तीत आली, २०२४ मध्ये. शाइफलरच्या त्या निरोपानंतर चाळीस वर्षांनी. आणि पेणच्या बाजारात आज ज्यांच्या हातात पाच-सहा वर्षं जुने फोन आहेत, त्यांच्यापर्यंत ती आवृत्ती येणारच नाही. घरात असा फोन असेल तर आज रात्री एकदा बघून घ्या, त्यात स्क्रीन दाखवणारं एखादं अॅप कुणी कधी टाकून ठेवलंय का. आणि शाळेच्या, सोसायटीच्या, ग्रामपंचायतीच्या प्रोजेक्टरचा पासवर्ड काय आहे, हे कुणाला माहीत असेल तर मला तो कळवू नका, फक्त आहे का एवढं कळवा. पुढच्या भागात भेटू.